वैयक्तिक संगणक उद्योग, महाराष्ट्रातील

एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावा या हेतूने बनविलेल्या, सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेल्या स्वयंपूर्ण संगणकाला वैयक्तिक संगणक म्हणतात. या यंत्राच्या रचनेचा व कार्यपद्धतीचा विचार अन्यत्र केलेला आहे [⟶ संगणक]. प्रस्तुत नोंदीत त्याच्या उत्पादकांमधील स्पर्धेचा व बाजारातील त्यांच्या हिश्श्यांचा इतिहास मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात दिला आहे. या इतिहासात एक अडचण प्रारंभीच येते. कापड, साखर किंवा मोटारी यांच्या बाबतीत उत्पादक कोण, हे सांगणे सोपे असते. वैयक्तिक संगणकाचे सर्व महत्त्वाचे भाग मात्र वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात व ते प्रमाणित असल्यामुळे कोणीही जोडू शकतो. त्यामुळे ज्याचे नाव पेटीवर आहे तो उत्पादक, की ज्याने पेचकस हाती घेऊन यंत्र उभे केले तो उत्पादक, हा प्रश्न या धंद्यात सतत उपस्थित होत आला आहे. महाराष्ट्रात तर दीर्घकाळ सर्वांत मोठा हिस्सा ज्यावर कोणाचेच नाव नव्हते अशा यंत्रांचा होता.

पूर्वपीठिका : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो संशोधनासाठी होता. व्यापारी उपयोगाचे संगणक त्या काळी मुख्यत्वे आयबीएम व आयसीएल या दोन परदेशी कंपन्या पुरवीत. पैकी आयबीएमचा कारखाना मुंबईत होता, तर आयसीएलशी संबंधित आयसीआयएम ही कंपनी पुण्यात होती. अन्य देशांत वापरून जुनी झालेली ‘१४०१’ जातीची यंत्रे दुरुस्त करून आयबीएम ती भारतीय ग्राहकांना भाड्याने देई. या व्यवहारात देशाला जुने तंत्र व कंपनीला नवा नफा मिळतो, अशी टीका संसदेच्या समित्यांनीही केली. दुसरीकडे आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास कर्मचारी संघटनांनी १९६०–७० च्या दशकात तीव्र विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारे यंत्र, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. पुढील दोन दशके बाजाराच्या वाढीवर तिचा परिणाम होत राहिला.

परकीय चलन विनियमन कायद्यानुसार (१९७३) भागभांडवलातील आपला वाटा कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय गुंडाळला. याच सुमारास शासनाने लघुसंगणकांचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले केले. त्यापूर्वी हे क्षेत्र प्रामुख्याने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक कंपनीसाठी राखून ठेवल्यासारखे होते. दिल्लीची डीसीएम, तिच्यातून बाहेर पडलेल्या तरुण अभियंत्यांनी १९७६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाच्या उपक्रमाच्या भागीदारीत काढलेली हिंदुस्थान कॉम्प्युटर्स (एचसीएल), बडोद्याची ओआरजी, आयबीएमच्या माजी कर्मचाऱ्यांची आयडीएम अशा कंपन्या पुढे आल्या. बलाढ्य प्रतिस्पर्धी शासकीय निर्णयाने दूर झाल्यावर मोकळ्या मैदानात वाढलेली ही पिढी होती. तिच्या कर्तृत्वास त्यामुळे बाध येत नाही. पण १९९० नंतर ती ज्या वेगाने मागे हटली, त्याचे एक कारण या जन्मकथेत आहे.

या कंपन्यांपैकी एकीचा उगम खानदेशात आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप व तेल तयार करणारी कंपनी स्थापन झाली. तिचे संक्षिप्त नाव ‘विप्रो’. आयबीएमच्या गमनानंतर निर्माण झालेली पोकळी हेरून तिने १९८० च्या सुमारास संगणक क्षेत्रात प्रवेश केला. मात्र तिचे संशोधन बंगलोरला व कारखाना म्हैसूरला गेला. तेलाचे डबे अमळनेरात व संगणक कर्नाटकात, ही विभागणी पुढील घडामोडींची पूर्वसूचना म्हणावी लागेल. महाराष्ट्राने या उद्योगाला भांडवल, व्यापारी व ग्राहक भरपूर दिले. कारखाने फारसे दिले नाहीत.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक व खुली रचना : अमेरिकेत १९७५ नंतर ‘अल्टेअर’, ‘ॲपल–२’ इ. सूक्ष्मसंगणक बाजारात आले. परंतु स्पर्धेचे स्वरूप खऱ्या अर्थाने बदलले ते आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केल्यावर. तो लवकर बाजारात आणावयाचा असल्याने कंपनीने त्याचे बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रक्रियक इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. लवचीक चकती चालविणारी उपकरणे टंडन या कंपनीची होती. शिवाय रचनेचा तपशील आयबीएमने स्वतःच प्रसिद्ध केला. मूळ आज्ञावलीचा जो लहानसा भाग आयबीएमच्या मालकीचा होता, त्याची कार्यक्षम प्रतिकृती कॉम्पॅक या कंपनीने स्वतंत्रपणे तयार केली. तिची पहिली यंत्रे १९८३ मध्ये विक्रीस आली. त्यानंतर तैवानमधील कारखानदारांनी मुख्य मंडलपट्टी (मदरबोर्ड) स्वस्तात पुरविण्यास सुरुवात केली, आणि आयबीएमशी सुसंगत असा संगणक बनविणे हे अभियांत्रिकीपेक्षा खरेदीच्या कौशल्याचे काम झाले. नफ्याचा मोठा भाग प्रक्रियक व कार्यप्रणाली पुरविणाऱ्या दोन कंपन्यांकडे गेला. बाकीच्यांना किंमत कमी करण्याखेरीज दुसरे शस्त्र उरले नाही. जागतिक क्रमवारीत १९९४ मध्ये कॉम्पॅकने, २००१ मध्ये डेलने पहिले स्थान घेतले. ज्या आयबीएमने हा प्रकार रूढ केला तिनेच २००५ मध्ये आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनच्या लेनोव्होला विकला.

टंडन कंपनीचे मुंबईशी नाते होते. अंधेरी येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्रात (सीप्झ) तिचे उत्पादन चाले. अमेरिकेतील वैयक्तिक संगणकांच्या वाढीच्या काळात त्यांत लागणारी सूक्ष्म जुळणीची कामे मुंबईच्या कामगारांनी केली. परंतु हे क्षेत्र निर्यातीसाठी होते आणि तेथील माल देशांतर्गत बाजारात आणण्यावर कडक निर्बंध होते. अंधेरीच्या कुंपणाआड उच्च दर्जाची जुळणी चालू असताना कुंपणाबाहेरचा ग्राहक त्याच प्रकारच्या भागांसाठी परदेशाकडे पाहत होता.

१९८४ चे धोरण आणि देशी कंपन्या : केंद्र शासनाने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर केले. उत्पादनाची परवाना पद्धती सैल झाली, क्षमतेवरील मर्यादा हटल्या व सुट्या भागांवरील आयात शुल्क कमी करण्यात आले. तयार संगणकांवरील शुल्क मात्र जड राहिले. याचा सरळ अर्थ असा, की पूर्ण यंत्र आणणे महाग व तेच सुटे करून आणून येथे जोडणे स्वस्त झाले. अल्पावधीतच अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. मद्रासच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्सने ‘शिवा’ या नावाचा संगणक तोवर प्रचलित असलेल्या किमतींहून पुष्कळच कमी किमतीत आणून जुन्या कंपन्यांची झोप उडविली. एचसीएलने ‘बिझीबी’ हे नाव रूढ केले. घरगुती वापराच्या लहान यंत्रांपैकी ब्रिटनच्या स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास विकली. शाळांसाठी ‘क्लास’ योजनेखाली बीबीसी जातीचे संगणक आले. यांपैकी घरगुती यंत्रे आयबीएमशी सुसंगत नसल्याने पुढे टिकली नाहीत.

अशा नव्या उत्पादन पद्धतीला त्या वेळी उपहासाने ‘पेचकस तंत्रज्ञान’ म्हटले जाई. उपहास सर्वस्वी अस्थानी नव्हता. मात्र येथे एक भेद करणे आवश्यक आहे. विप्रो, एचसीएल किंवा पीसीएल यांनी बहुवापर प्रणालींवर, विशेषतः युनिक्सवर आधारलेल्या यंत्रांवर, स्वतःचे अभियांत्रिकी काम केले होते. त्याला गिऱ्हाईकही मिळाले. बँका व कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ मध्ये झालेल्या करारानंतर व रंगराजन समितीच्या १९८४ च्या शिफारशींनंतर बँकांच्या शाखांत खातेवही नोंदणीसाठी सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेली यंत्रे घेण्यात येऊ लागली. अनेक मोठ्या बँकांची मुख्यालये मुंबईत असल्याने त्यांच्या खरेदीचे निर्णय येथे होत. या निविदांनी देशी कंपन्यांना एक दशकभर आधार दिला. निविदेत नाव, जामीन, देखभालीची हमी व कागदपत्रे लागतात. तेथे पेटीवरील नावाला किंमत होती. खुल्या बाजारात ती नव्हती, हे लवकरच दिसून आले.

महाराष्ट्रातील देशी कंपन्यांत झेनिथ कॉम्प्युटर्सचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९८० मध्ये राज सराफ यांनी मुंबईत स्थापन केलेल्या या कंपनीचे अमेरिकेतील झेनिथ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीशी केवळ नामसाम्य होते. तिचा कारखाना गोव्यात होता. परदेशी दर्जा आणि देशी किंमत, असा तिच्या जाहिरातींचा रोख असे. मध्यमवर्गीय कुटुंब व लहान कार्यालये हा ग्राहकवर्ग तिने फार लवकर ओळखला, आणि १९९० नंतरच्या दशकात ती देशातील आघाडीच्या संगणक उत्पादकांत गणली जाऊ लागली. परंतु ज्या ग्राहकासाठी तिने किंमत कमी केली, त्याला त्याहूनही कमी किमतीत यंत्र देणारा प्रतिस्पर्धी ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसलेला होता.

लॅमिंग्टन रस्ता : मुंबईचे १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव असलेला व आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग या अधिकृत नावाचा हा रस्ता नभोवाणी संच व त्यांचे सुटे भाग यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. निर्वात नलिका, नंतर ट्रँझिस्टर, नंतर दूरचित्रवाणी संच व ध्वनिफीत यंत्रे अशी प्रत्येक पिढी या दुकानांतून गेली. त्यामुळे १९८० नंतर संगणकाचे भाग येऊ लागले तेव्हा बाजाराला नवे काही शिकावे लागले नाही. माल सुटा घ्यावयाचा, तपासावयाचा, जोडावयाचा, बिघडला तर बदलावयाचा, ही रीत तेथे रुळलेली होती. दिल्लीत नेहरू प्लेसने व मद्रासमध्ये रिची स्ट्रीटने जे केले, ते मुंबईत व पर्यायाने बहुतांश महाराष्ट्रात या रस्त्याने केले.

व्यवहाराची पद्धती अशी असे : गिऱ्हाईक ‘कॉन्फिगरेशन’ लिहिलेला कागद घेऊन येई. त्यावर प्रक्रियक, मदरबोर्ड, स्मृती, कठीण चकती (हार्ड डिस्क), पडदा, कळफलक आणि पेटी (कॅबिनेट) यांच्या वेगवेगळ्या किमती मांडलेल्या असत. प्रत्येक ओळीवर घासाघीस करता येई व एखादा भाग पुढील वर्षी बदलण्याचे आधीच ठरविता येई. तैवान, सिंगापूर व हाँगकाँग येथून येणाऱ्या मालाच्या किमती डॉलरच्या दराप्रमाणे व आवकीप्रमाणे दिवसागणिक बदलत. जोडणी तासा-दोन तासांत होई. एका यंत्रामागे जोडणीकाराला मिळणारा नफा थोडा असे, परंतु त्याला कारखाना, जाहिरात, वितरक, पगारी व्यवस्थापक यांचा खर्च नव्हता. शिवाय पुष्कळ व्यवहार पावतीवाचून होत. उत्पादन शुल्क व विक्रीकर न भरलेल्या आणि काही प्रसंगी सीमाशुल्कही चुकविलेल्या मालाची किंमत नोंदणीकृत उत्पादकाला गाठणे अशक्यच होते. कार्यप्रणाली व अन्य आज्ञावल्या बहुधा विनापरवाना चढवून दिल्या जात. संघटित उत्पादकांचा आक्षेप मुख्यतः यालाच होता आणि तो न्याय्य होता. तथापि या बाजाराचे यश केवळ करचुकवेगिरीने समजावून सांगता येत नाही. करांचे दर उतरल्यानंतरही जोडणीकार टिकून राहिले. याचे कारण दुरुस्ती होय. नामांकित कंपनीचा तंत्रज्ञ येण्यास आठवडा लागे. जोडणीकार मात्र त्याच संध्याकाळी येई, कारण त्याचे पुढचे गिऱ्हाईक त्याच इमारतीत राहत असे.

इंटेलने ही वस्तुस्थिती देशी उत्पादकांच्या आधी स्वीकारली. १९९० नंतरच्या दशकात तिने लहान जोडणीकारांना अधिकृत विक्रेते म्हणून मान्यता देण्याची, त्यांना प्रशिक्षण व हमीचा माल पुरविण्याची योजना राबविली. प्रक्रियक विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने पेटीवर नाव कोणाचे आहे हे गौण होते. देशी उत्पादक मात्र एकाच वेळी वर परदेशी नावांशी व खाली बिननावी यंत्रांशी लढत होते, आणि दोन्ही शत्रूंना दारूगोळा एकाच कोठारातून मिळत होता.

विठ्ठलवाडी–अंबरनाथ पट्टा : लॅमिंग्टन रस्त्याचा प्रभाव मुंबई शहरापुरता नव्हता. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. कल्याण सोडल्यावर लागणारे विठ्ठलवाडी हे या वसाहतीच्या उंबरठ्यावरचे स्थानक. राहत्या घरात किंवा छपरीत कारखाना, कुटुंबातील माणसे हेच कामगार, आणि बाजारात चालणाऱ्या कोणत्याही वस्तूची स्वस्त प्रतिकृती काढण्याचे कौशल्य, यांवर येथील अर्थव्यवस्था उभी राहिली. येथील मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याची थट्टा सर्वत्र प्रचलित आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे आगकाड्यांचा जुना कारखाना, संरक्षण खात्याचे कारखाने आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती असल्याने यंत्रकामाची जाण असलेला वर्ग मोठा होता.

अशा परिसरात संगणकाचा पहिला उपयोग घरगुती नव्हता. हिशेब, मालाच्या नोंदी, लग्नपत्रिका व हस्तपत्रके यांची अक्षरजुळणी, नकाशे व आराखडे, आणि शिकवणी ही कामे आधी आली. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या लहान व्यावसायिकाला दोन संगणकांच्या किमतीत तीन मिळत असतील, तर नावाचे आकर्षण राहत नाही. विठ्ठलवाडीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठता येते. पडदा वगळता संगणकाचे सर्व भाग दोन पिशव्यांत मावतात. त्या काळी मुंबई व ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिका हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेत असत. नाक्यावरून ट्रकने येणाऱ्या खोक्यांना ती चुकत नसे, पिशवीला ती क्वचितच लागे. प्रथम स्वतःसाठी यंत्र जोडणारा तरुण नंतर शेजाऱ्यासाठी, मग ओळखीच्या कारखान्यासाठी जोडी, आणि वर्षभरात त्याचे लहानसे दुकान उभे राही. भागांची निवड, जोडणी व दुरुस्ती यांचे ज्ञान अशा रीतीने औपचारिक शिक्षणाबाहेर पसरले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम त्यामागून आले. ज्या वसाहतीवर दुसऱ्याचे नाव आपल्या मालावर लावल्याचा आरोप नेहमी होत आला, तिच्या परिसरात संगणक मात्र कोणतेही नाव न लावता खपला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

मागणी वाढविण्यात शासनाचाही हात होता. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली व २००२ पासून तिचा ‘एमएस–सीआयटी’ हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेसाठी या प्रमाणपत्राला महत्त्व आल्याने तालुक्याच्या गावांपर्यंत अधिकृत केंद्रे निघाली. पुढील काळात हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. पूर्वी जेथे टंकलेखनाचे वर्ग चालत तेथेच बहुधा संगणकाचे वर्ग आले. टंकलेखन यंत्राची मागणी त्यामुळे संपत गेली. १९५५ पासून टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या गोदरेजने २००९ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबविले.

मराठीच्या वापराचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. देवनागरी लिपी संगणकावर आणण्याचे कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी–डॅक) ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. संगणकात बसविण्याची एक वेगळी मंडलपट्टी हे त्याचे प्रारंभीचे रूप होते. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री–लिपी’ मराठी मुद्रणव्यवसायात सर्वत्र पसरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मराठी लिहिता येणे ही सोय कोणत्याही संगणक उत्पादकाने आपल्या यंत्राचे वैशिष्ट्य म्हणून परिणामकारकपणे पुढे केली नाही. ती बाहेरून आणून जोडावयाची वस्तू राहिली आणि म्हणून बिननावी यंत्रातही तितकीच चांगली चालली. देशी उत्पादकांना परदेशी नावांपासून वेगळे ठरण्याची ही एक संधी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संघटित उद्योगाचा ऱ्हास : १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी कंपन्या परतल्या. एचसीएलने ह्यूलेट–पॅकार्डशी, विप्रोने तैवानच्या एसरशी भागीदारी केली. आयबीएम १९९२ मध्ये टाटांच्या सहकार्याने पुन्हा आली. या भागीदाऱ्या फार काळ टिकल्या नाहीत, परंतु त्यांनी भारतीय ग्राहकाला परदेशी नावांची सवय लावली. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक करारात सहभागी झाला व त्याप्रमाणे २००५ पर्यंत संगणकांवरील सीमाशुल्क शून्यावर आणण्यात आले. सुट्या भागांपेक्षा तयार यंत्रावर अधिक शुल्क, या ज्या फरकावर १९८४ नंतरचा उद्योग उभा होता, तो फरकच नाहीसा झाला.

उत्पादकांच्या संघटनेच्या (मेट, स्थापना १९८२) पाहण्यांनुसार देशातील वैयक्तिक संगणकांची वार्षिक विक्री २०००–०१ मध्ये सु. १९ लाख होती व २००५–०६ मध्ये ती ५० लाखांवर गेली. शतकाच्या संधिकाळात मेजावरील संगणकांपैकी सु. निम्मे असंघटित जोडणीकारांनी विकलेले होते. कोणत्याही एका नामांकित कंपनीचा हिस्सा त्याच्या जवळपासही नव्हता. वृत्तपत्रांत मात्र एचसीएल पहिली की कॉम्पॅक, याच्याच चर्चा होत. पहिल्या क्रमांकाचा मान ज्या हिश्श्यावर मिळे, तो एवढा लहान असे की शिल्लक रकान्यातील ‘इतर’ हा आकडाच खरा विजेता ठरे. २००२ मध्ये ह्यूलेट–पॅकार्डने कॉम्पॅक ताब्यात घेतल्यावर दोन्हींचे हिस्से एकत्र आले व चित्र काहीसे स्पष्ट झाले.

केंद्रीय करांत २००४ मध्ये कपात झाली व संगणकावरील उत्पादन शुल्क उठले (ते २००६ मध्ये १२ टक्क्यांनी पुन्हा लावण्यात आले). महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. नामांकित व जोडलेल्या यंत्रांच्या किमतींतील अंतर यामुळे घटले. याच काळात कारखाने करसवलतींच्या मागे गेले. एचसीएलने पुदुच्चेरी व उत्तराखंड, विप्रोने पुदुच्चेरी व कोटद्वार, ह्यूलेट–पॅकार्डने पंतनगर, डेलने चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर ही ठिकाणे निवडली. गोव्यातील झेनिथच्या कारखान्यामागेही अशाच सवलतींचे गणित होते. मुंबई–पुणे पट्ट्यात कुशल मनुष्यबळ व सर्वांत मोठी बाजारपेठ असूनही मोठा संगणक कारखाना उभा राहिला नाही, याचे कारण अभियांत्रिकीत नसून करांच्या अनुसूचीत शोधावे लागते.

असंघटित बाजाराला खरा धक्का कायद्याने बसला नाही. तो सुवाह्य संगणकाने (लॅपटॉप) दिला. त्याचे भाग प्रत्येक प्रतिमानात वेगळे असतात व ते सुटे घेऊन जोडता येत नाहीत. जोडणीकाराचे कौशल्य तेथे दुरुस्तीपुरते उरते. मेजावरील संगणकाची मागणी जसजशी सुवाह्य संगणकाकडे व २०१० नंतर स्मार्टफोनकडे वळली, तसतसा बिननावी यंत्रांचा हिस्सा आक्रसला. परंतु त्याचा लाभ देशी नावांना झाला नाही. एचसीएल व विप्रो या दोघांनीही २०१३ मध्ये संगणक बनविणे थांबविले. झेनिथही स्पर्धेतून बाहेर पडली. भारतीय बाजार त्यानंतर ह्यूलेट–पॅकार्डचा उत्तराधिकारी एचपी, लेनोव्हो, डेल, एसर व एसस या परदेशी कंपन्यांत वाटला गेला. २०२३ मध्ये एकट्या एचपीचा हिस्सा सु. तीन दशांश होता. ज्या देशात एकेकाळी कोणाही एका कंपनीला एवढा वाटा मिळविता आला नव्हता, तेथे असे केंद्रीकरण प्रथमच दिसले.

केंद्र शासनाने मे २०२३ मध्ये संगणक सामग्रीच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी सुवाह्य संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले. टीका झाल्यावर ते सौम्य करून आयातीची केवळ नोंद व अनुमती घेण्याची पद्धती ठेवण्यात आली. परवाना, शुल्क व सवलत ही १९७८ व १९८४ मधील साधनेच यात थोड्याफार फरकाने पुन्हा वापरली गेली आहेत. मात्र या वेळी योजनेचे लाभार्थी बहुतांशी परदेशी नावे व त्यांच्यासाठी ठेक्याने जुळणी करणारे भारतीय कारखानदार आहेत.

लॅमिंग्टन रस्त्यावर जोडणीचा धंदा पूर्णतः थांबलेला नाही. खेळ, चित्रफितींचे संपादन व आराखडे यांसाठी लागणारे शक्तिशाली संगणक अजूनही सुटे भाग निवडून जोडले जातात व त्यांचा ग्राहक आता स्वस्ताईसाठी नव्हे, तर अधिक खर्च करून हवी ती रचना मिळविण्यासाठी तेथे जातो. वापरलेल्या सुवाह्य संगणकांच्या दुरुस्तीचा व पुनर्विक्रीचा व्यवसाय वाढला आहे. उपनगरांतील जुन्या जोडणीकारांपैकी अनेकांनी टेहळणी कॅमेरे बसविण्याचे, कार्यालयांतील जाळे जोडण्याचे व छपाई यंत्रांच्या देखभालीचे काम पत्करले आहे.